खडकांतील वायु आणि शेजाऱ्याची विहीर

माझ्या लहानपणीं सकाळच्या चहाचें आधण ठेवावयाचें म्हणजे आजीला फुंकणी घेऊन चुलीपुढें बसावें लागे. ओलीं लांकडें धुमसत, डोळ्यांना पाणी येई, आणि जाळ धरीपर्यंत घरभर धूर कोंडे. आज शहरांतील पुष्कळ घरांत नुसती कळ फिरवितांच निळी ज्योत उभी राहते. धूर नाहीं, राख नाहीं, कीं काजळी नाहीं. सुखाची संवय मनुष्यास फार लवकर जडते, आणि एकदां ती जडली म्हणजे तें सुख कोठून येतें हा प्रश्न विचारण्याचें त्यास सुचत नाहीं. परंतु ज्या वस्तूवांचून आपला एक दिवसहि सरत नाहीं ती कोठून येते, आणि तिचें खरें मोल कोण देतो, याचा शोध घेणें हें शिकलेल्या मनुष्याचें कर्तव्य होय. म्हणून वार्षिकाच्या वाचकांपुढें आज हा थोडासा रुक्ष वाटणारा विषय मांडण्याचें योजिलें आहे.

इ. स. २०१८ च्या मार्च महिन्याच्या ३० तारखेस रत्नागिरी जिल्ह्यांत दाभोळ येथें एक जहाज धक्क्यास लागलें. त्याच्या पोटांत अमेरिकेच्या लुइझियाना राज्यांत सबाइन पास येथें भरलेला नैसर्गिक वायु होता. हा वायु उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला म्हणजे पातळ होतो आणि त्याचें आकारमान सुमारें सहाशें पटींनीं कमी होतें. त्यामुळें तो जहाजांतून हजारों मैल नेतां येतो. 'गेल' या आपल्या सरकारी कंपनीनें वीस वर्षांच्या करारानें विकत घेतलेल्या मालाचा हा पहिला हप्ता होता. अमेरिकेंत आज जो वायु निघतो त्यापैकीं सुमारें तीन-चतुर्थांश शेल नांवाच्या खडकांतून निघतो. तेथील नळांचें जाळें देशभर पसरलेलें असल्यामुळें जहाजांतील कोणता कण कोणत्या विहिरीचा हें सांगतां येणार नाहीं. तथापि त्यांतील बराच भाग त्या खडकांतीलच असला पाहिजे. तेव्हां पेनसिल्व्हेनियाच्या अगर टेक्सासच्या खेड्यांत जें घडतें त्याच्याशीं आपला कांहीं संबंध नाहीं, असें म्हणण्याची सोय आतां उरली नाहीं.

शेल हा खडक म्हणजे मुळांत प्राचीन समुद्रांच्या तळाशीं बसलेला चिखल. त्यावर थरांवर थर साचत गेले, आणि कोट्यवधि वर्षांच्या दाबानें व उष्णतेनें त्याचा पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड बनला. शाळेंतील जुनी दगडी पाटी याच खडकाच्या कुळांतली. त्या चिखलांत गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांपासून वायु उत्पन्न झाला व पुष्कळसा तेथेंच अडकून राहिला. नेहमींच्या विहिरींतील वायु आणि हा वायु यांत भेद कोणता, हें घरांतील एका उदाहरणानें चांगलें समजेल. नारळाला भोंक पाडलें कीं पाणी आपोआप बाहेर येतें. परंतु तिळांतलें तेल काढावयाचें तर तीळ घाण्यांत घालून चिरडावे लागतात. नेहमींचा वायु नारळांतल्या पाण्यासारखा, आणि शेलमधील वायु तिळांतल्या तेलासारखा आहे. दगडी कोळशाच्या थरांत अडकलेला वायु हाहि याच दुसऱ्या वर्गांत मोडतो.

हा वायु मनुष्यास अगदींच नवीन आहे असें मात्र नाहीं. न्यूयॉर्क राज्यांतील फ्रेडोनिया या गांवीं विल्यम हार्ट नांवाच्या बंदुका बनविणाऱ्या कारागिरानें १८२१ सालीं अवघी २७ फूट खोल विहीर पाडून शेलमधून वायु काढला व त्यावर गांवांतील दिवे लाविले. पुढें १८५९ सालीं पेनसिल्व्हेनियांत टायटसव्हिल येथें ड्रेक यास तेल लागलें, आणि सर्व जग सुलभ तेलाच्या व वायूच्या पाठीमागें धांवलें. कठीण खडक तसाच राहिला. विहिरींत दाबानें द्रव घालून खडक फोडण्याची रीत १९४९ पासून व्यापारी प्रमाणावर चालू झाली. परंतु शेलचें कुलूप उघडल्याचें श्रेय मुख्यतः टेक्सासमधील जॉर्ज मिचेल या उद्योजकास दिलें जातें. ग्रीस देशाहून पोट भरण्याकरितां आलेल्या, शेळ्या राखणाऱ्या मनुष्याचा हा मुलगा. फोर्ट वर्थ शहराजवळच्या बार्नेट नांवाच्या शेलमध्यें त्यानें वर्षानुवर्षें पैसा ओतला. लोक हंसत, परंतु १९९८ च्या सुमारास त्याच्या माणसांस स्वस्त उपाय सांपडला. आडवें भोंक पाडण्याच्या विद्येशीं त्या उपायाची सांगड बसतांच सर्व चित्र पालटलें.

आजची रीत थोडक्यांत अशी. पांच ते आठ हजार फूट सरळ खालीं भोंक पाडावयाचें, तेथून तें वळवून खडकाच्या थरांतून मैल दोन मैल आडवें न्यावयाचें, त्यांत पोलादी नळ बसवून भोंवतीं सिमेंट भरावयाचें, आणि मग पाणी, वाळू व थोडीं रसायनें यांचें मिश्रण प्रचंड दाबानें आंत सोडावयाचें. खडकाला केंसासारख्या चिरा पडतात, वाळूचे कण त्या चिरा मिटूं देत नाहींत, आणि वायु वर येऊं लागतो.

आतां प्रथम या उद्योगाच्या लाभाकडे पाहूं. कारण ज्या गोष्टीवर टीका करावयाची तिचे गुण आधीं मोकळ्या मनानें सांगावे हें न्यायाचें आहे. अमेरिकेंत वायूचा घाऊक भाव २००८ सालीं ज्या मापास सरासरी सुमारें ९ डॉलर होता, त्याच मापास २०१२ सालीं तो ३ डॉलरांच्या आंत आला. जो देश परदेशाहून वायु आणण्याकरितां बंदरें बांधीत होता तोच २०१६ पासून त्याच बंदरांतून वायु बाहेर पाठवूं लागला, आणि २०२३ सालीं पातळ वायूच्या निर्यातींत जगांत पहिला झाला. पेनसिल्व्हेनियांतील मार्सेलस शेलवर दहा हजारांहून अधिक विहिरी पडल्या. त्या देशांत जमिनीखालील खनिजावर खासगी मनुष्याची मालकी असूं शकते, आणि पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानें निघालेल्या वायूच्या किमतीचा निदान आठवा हिस्सा त्या मालकास द्यावा लागतो. त्यामुळें ज्यांचे दूधदुभत्याचे धंदे बुडत चालले होते अशा कित्येक शेतकऱ्यांचें कर्ज फिटलें. शिवाय स्वस्त वायूनें कोळशाला हटविलें. २००५ सालीं अमेरिकेची जवळजवळ निम्मी वीज कोळशावर होत असे. २०२३ सालीं ती सहाव्या हिश्श्याइतकी राहिली. वीजघरांतून निघणारा कर्बवायु त्या अठरा वर्षांत सुमारें चाळीस टक्क्यांनीं घटला. यांत वाऱ्याच्या व सूर्याच्या विजेचाहि वांटा आहे, परंतु शेलच्या वायूचा मोठा आहे. हें सर्व खरें आहे, आणि तें नाकारणें हा दुराग्रह होईल.

या भरभराटीचा एक शिंतोडा आपल्या देशावरहि उडाला, त्याची कथा बोधप्रद आहे. आपण ज्या गवारीची भाजी करितों तिच्या बियांचा डिंक पाण्यांत घातला म्हणजे पाणी दाट होतें व वाळू वाहून नेतें. म्हणून अमेरिकेंतील विहिरींकरितां त्यास अतोनात मागणी आली. जगांतील बहुतेक गवारबी आपल्या देशांत, आणि त्यांतहि मुख्यतः राजस्थानांत होतें. २०११ व २०१२ या दोन वर्षांत त्याचा भाव सुमारें दहापट चढला. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या दारांत मोटारसायकली उभ्या राहिल्या. वायद्याच्या व्यापारांत इतका धुमाकूळ माजला कीं २०१२ च्या मार्चमध्यें सरकारला तो बंद करावा लागला. ज्यांनीं भाव पाहून सगळें शेत गवारीखालीं घातलें त्यांचें पीक तयार होईपर्यंत तिकडे कंपन्यांनीं डिंकाऐवजीं दुसरीं द्रव्यें शोधलीं, २०१४ सालीं तेलाचे भाव कोसळले, आणि गवार पुन्हां गवार झाली. ज्या बाजाराची दोरी सात समुद्रांपलीकडे कोणाच्या तरी हातांत आहे त्यावर घर बांधणाराची हीच गत व्हावयाची.

आणि हें केवळ राजस्थानांत झालें असें नाहीं. शेलच्या विहिरीचा स्वभावच असा आहे कीं, पहिल्या वर्षांतच तिचें उत्पन्न निम्म्याहून खालीं येतें. नेहमींची विहीर दुभत्या गाईप्रमाणें वर्षानुवर्षें देत राहते; ही मात्र पहिल्या धारेलाच भांडें भरते आणि मग आटत जाते. म्हणून उत्पन्न तेवढेंच ठेवावयाचें तरी नव्या विहिरी एकसारख्या पाडीत राहावें लागतें, आणि त्याकरितां एकसारखें कर्ज काढावें लागतें. भाव पडले कीं डोलारा कोसळतो. या धंद्यांत अग्रेसर म्हणून गाजलेली चेसापीक एनर्जी ही कंपनी २०२० सालीं दिवाळें काढून न्यायालयाच्या दारीं गेली. कामगार येतात तेव्हां गांवांत घरांचें भाडें वाढतें, जड गाड्यांनीं रस्ते उखडतात. ते निघून जातात तेव्हां रिकामीं घरें आणि उखडलेले रस्ते मागें राहतात. ड्रेकच्या काळापासून पेनसिल्व्हेनियांत पाडलेल्या व बेवारशी टाकलेल्या जुन्या विहिरींची बुजवणी आजहि सरकारच्या, म्हणजे कर देणाऱ्या लोकांच्या, माथीं आहे. ऋण काढून सण साजरा करावा, आणि सण एकानें करून ऋण दुसऱ्यानें फेडावें, असा हा प्रकार आहे.

आतां पाण्याकडे वळूं. एक विहीर फोडावयास सामान्यतः अर्ध्या कोटीपासून सहा कोटि लिटरपर्यंत पाणी लागतें असें अमेरिकेच्या भूगर्भ खात्याचें सांगणें आहे. जें पाणी परत वर येतें तें खारट असतें, आणि त्यांत खडकांतील किरणोत्सर्गी द्रव्यहि असूं शकतें. तें नदींत सोडतां येत नाहीं. ओक्लाहोमा राज्यांत तेल व वायु यांबरोबर येणारें असें खारें पाणी खोल विहिरींत परत कोंबण्यांत आलें. २००८ पर्यंत त्या राज्यांत जाणवण्याजोगे भूकंप वर्षाला एखाददुसरे होत. २०१५ सालीं ते नऊशेंच्या घरांत गेले, आणि २०१६ च्या सप्टेंबरांत पॉनी गांवाजवळ ५.८ प्रतीचा धक्का बसला. सरकारनें पाणी कोंबण्यावर मर्यादा घातली तेव्हां धक्के कमी झाले. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात : दोष मनुष्याचा होता, आणि नियम केला तर तो सुधारतां येतो.

पेनसिल्व्हेनियांतील डिमॉक या खेड्याची हकीकत याहून मननीय आहे. १ जानेवारी २००९ रोजीं तेथील एका घराच्या पाण्याच्या विहिरीचा स्फोट होऊन वरची काँक्रीटची लादी फुटून उडाली. विहिरींत ज्वालाग्राही वायु साचला होता. शेजारच्या कांहीं घरांच्या पाण्यांतहि तो आढळला. वायूच्या विहिरींचें बांधकाम सदोष असल्यामुळें तो वर झिरपला असा ठपका राज्याच्या अधिकाऱ्यांनीं कंपनीवर ठेविला. म्हणजे खोलवर फोडलेल्या खडकापेक्षां नळाभोंवतींच्या सिमेंटाचा दोष येथें मोठा होता. कंपनी म्हणे, त्या भागांत पाण्यांत वायु पूर्वींपासूनच आहे. आणि तसा तो कांहीं ठिकाणीं होताहि. वाद चालला, वर्षें गेलीं, लोक बाटल्यांतील पाणी पीत राहिले. अखेर २०२२ सालीं कंपनीनें न्यायालयांत आरोप न लढण्याचें पत्करलें, आणि नळाचें पाणी आणून देण्याकरितां एक कोटि साठ लाख डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचें ठरलें. तेरा वर्षांनीं !

ही हकीकत वाचतांना मला आमच्या गांवच्या एका गोष्टीची आठवण झाली. एका सधन बागाईतदारानें आपल्या मळ्यांत खोल बोअर घेतली. पुढच्याच उन्हाळ्यांत शेजारच्या गरीब कुटुंबाची जुनी विहीर तळाला गेली. म्हातारा म्हणे, "दादा, माझ्या आज्याच्या वेळेपासून ही विहीर कधीं आटली नाहीं." बागाईतदार म्हणे, "बाबा, पाऊसच कमी झाला त्याला मी काय करूं ?" पंच बसले, परंतु पूर्वीं विहिरींत पाणी किती होतें याची नोंद कोणाजवळच नव्हती. म्हाताऱ्याचें म्हणणें खरें होतें असें सर्वांना मनांतून वाटे, पण निकाल कांहींच लागला नाहीं. त्या घरच्या सुना दोन वर्षें अर्ध्या मैलावरून पाणी वाहात होत्या. डिमॉक आणि आमचें गांव यांत हजारों मैलांचें अंतर आहे, पण गाऱ्हाणें एकच : ज्याचें नुकसान झालें त्यानेंच तें सिद्ध करावें, आणि सिद्ध करण्याचें साधन मात्र त्याच्यापाशीं नसावें.

कायदाहि कधीं कधीं बलवानाच्या बाजूस झुकतो. अमेरिकेंत २००५ सालच्या कायद्यानें खडक फोडण्याच्या या क्रियेस, डिझेल वापरलें नसल्यास, पिण्याच्या पाण्याच्या संरक्षक कायद्यांतून वगळण्यांत आलें. याच्या उलट फ्रान्सनें २०११ सालीं ही रीत बंद केली. न्यूयॉर्क राज्यानें २०१४ सालीं तसाच निर्णय जाहीर केला. आणि इंग्लंडांत ब्लॅकपूलजवळ धक्के बसल्यावर २०१९ सालीं तेथील सरकारनें ती थांबविली. एकाच वस्तूविषयीं शहाण्या देशांचीं इतकीं भिन्न मतें पाहून विद्यार्थ्यांनीं गोंधळून जाऊं नये. जेथें वस्ती दाट, पाणी मोलाचें आणि लाभाचा हिस्सा गांवकऱ्यास मिळत नाहीं, तेथें लोक सहज 'नको' म्हणतात.

कित्येक म्हणतील, "हें सर्व असलें तरी कोळशापेक्षां वायु बराच ना ?" याचें उत्तर 'होय' असें आहे, परंतु एका अटीवर. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन होय. तो जळला म्हणजे कोळशाच्या मानानें कर्बवायु कमी होतो हें खरें. परंतु न जळतां तो नळांच्या सांध्यांतून निसटला, तर वीस वर्षांच्या हिशेबानें तो कर्बवायूच्या ऐंशीपट उष्णता पृथ्वीवर कोंडतो. २०१८ सालीं शास्त्रज्ञांच्या एका मंडळानें प्रत्यक्ष मोजून काढलें कीं, अमेरिकेंत निघणाऱ्या वायूपैकीं सुमारें २.३ टक्के असाच निसटतो; सरकारी अंदाजापेक्षां हें प्रमाण पुष्कळच अधिक होतें. गळती तीन टक्क्यांच्या वर गेली तर निदान जवळच्या काळापुरता कोळशावरील त्याचा वरचढपणा नाहींसा होतो, असें गणित मांडण्यांत आलें आहे. सारांश, वायु चांगला कीं वाईट हें नळांच्या सांध्यांवर व ते तपासणाऱ्या माणसाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. खुद्द जॉर्ज मिचेल यानेंहि उतारवयांत या धंद्यास कडक नियम हवेत असें जाहीरपणें सांगितलें. ज्यानें कुलूप उघडलें तोच कडी लावा म्हणतो, याकडे दुर्लक्ष करूं नये.

आपल्या देशांत काय करावें ? बंगालमध्यें राणीगंजच्या कोळशाच्या थरांतून २००७ पासून व्यापारी प्रमाणावर वायु निघूं लागला. २०११ च्या जानेवारींत दुर्गापूरजवळ इच्छापूर येथें शेलमधून वायु निघतो असें दिसून आलें, आणि २०१३ सालीं सरकारनें शेलविषयीं धोरण जाहीर केलें. तरीहि शेलवायूचा मोठा धंदा आपल्याकडे उभा राहिलेला नाहीं. आपण गरजेच्या सुमारें निम्मा वायु परदेशाहून आणतों. त्यावर घरें, मोटारी व युरिया खताचे कारखाने चालतात. २०२२ सालीं युक्रेनचें युद्ध भडकतांच जगांत वायूचे भाव गगनाला भिडले, तेव्हां हें परावलंबन किती महाग पडतें तें दिसून आलें. म्हणून स्वदेशी वायु काढूंच नये असें माझें म्हणणें नाहीं. ज्या मातेला आजहि धुरांत बसावें लागतें तिला 'तूं थांब' असें सांगण्याचा अधिकार आम्हां निळ्या ज्योतीवाल्यांना नाहीं.

परंतु तीन गोष्टी आधीं व्हाव्या. पहिली, जेथें उन्हाळ्यांत टँकरनें पाणी पुरवावें लागतें अशा तालुक्यांत ही रीत मुळींच आणूं नये. दुसरी, एकहि भोंक पाडण्यापूर्वीं आसपासच्या सर्व विहिरींचें पाणी तपासून त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या दारावर लावावी. आणि पुढें पाणी बिघडलें तर 'आम्हीं बिघडविलें नाहीं' हें सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असावा. तिसरी, विहीर बुजविण्याचा व नुकसान भरून देण्याचा पैसा कंपनीकडून आरंभींच ठेव म्हणून घ्यावा. आपल्याकडे भूमीखालील तेलावर व वायूवर शेतकऱ्याची मालकी नाहीं. त्याच्या वांट्यास आवाज, धूळ व धोका येतो आणि उत्पन्न दुसरीकडे जातें. तेव्हां निघालेल्या वायूचा ठराविक हिस्सा त्या गांवाच्या शाळेला, दवाखान्याला व पाण्याच्या योजनेला मिळालाच पाहिजे.

अशा अटी घातल्या तर वायु महाग होईल, असा आक्षेप येईल. होईलच. पण आज तो स्वस्त वाटतो त्याचें कारण एवढेंच कीं, किमतीचा कांहीं भाग डिमॉकसारखीं खेडीं आपल्या पदरचा भरीत आहेत. पुरी किंमत मोजावी लागली म्हणजे सूर्याची व वाऱ्याची वीज किती परवडते हेंहि कळून येईल. वायु हा कोळशापासून तिकडे जाण्याचा पूल आहे असें म्हणतात. तें मला मान्य आहे. मात्र पूल ओलांडण्याकरितां असतो. त्यावर घर बांधून राहूं नये.

विद्यार्थीमित्रहो, हें सर्व मोठ्यांचें काम, यांत आपण काय करणार, असें तुम्हांस वाटेल. एक लहानसें काम सांगतों. येत्या सुटींत गांवीं जाल तेव्हां एक दोरी व दगड घेऊन घरच्या, आणि शेजाऱ्याच्याहि, विहिरीचें पाणी काठापासून किती हात खालीं आहे तें वडील माणसास बरोबर घेऊन मोजा, आणि तारीख घालून वहींत लिहून ठेवा. पुढच्या सुटींत पुन्हां मोजा. आमच्या गांवच्या त्या म्हाताऱ्यापाशीं अशी एक वही असती, तर पंचांना मान खालीं घालून उठावें लागलें नसतें.